पाहुणीचा सहावा दिवस

तेवीस झाल्या आणि बटणचं बोट फळीवरच अडकलं.

"परत मोज," दादा, म्हणजे बटणचा बाप, म्हणाला.

"तीनदा मोजल्या, बाबा."

"मग चौथ्यांदा. मोठ्यानं."

बटणनं चौथ्यांदा मोजल्या. कारखान्याच्या भिंतीवरच्या त्या फळीवर चोवीस सुयांना आपापली जागा होती, आणि जागेखाली पेन्सिलीनं सुईचा आकार काढलेला होता. कोणती सुई गेली हे एका नजरेत कळावं म्हणून. वर लांब सुया, मधे सरळ, खाली आठ वाकड्या. वाकड्यांतली सातवी जागा रिकामी होती.

"तेवीस," बटण म्हणाली. नऊ वर्षांची पोर. चेहरा गोल, डोळे गोल, म्हणून काकानं खुर्चीच्या पाठीवर लावतात त्या बटणावरून तिचं हे नाव पाडलेलं. आता तो गोल चेहरा पार उतरला होता.

सोफ्या-खुर्च्यांना नवी कापडं चढवायची, गाद्या भरायच्या, हे या घराचं तीन पिढ्यांचं काम. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. आणि संध्याकाळी पाचला सुया मोजल्याशिवाय जिना चढायचा नाही, हा दादाच्या आत्याचा नियम. घरात कुणाला ताप असो, दारात गिऱ्हाईक ओरडत असो, आधी सुया. दादा बारा वर्षांचा असताना याच नियमापायी दोन तास जमिनीवर रांगला होता, आणि अजूनही ते बोलून दाखवायचा.

पण गेल्या रविवारपासून या मोजणीला भलताच अर्थ आला होता. त्या दिवशी धाकटा, म्हणजे दादाचा भाऊ, स्प्रिंगांच्या खोक्यातून मूठभर मांजराचं पिल्लू घेऊन आला. एका गिऱ्हाइकाच्या गोदामात एकटंच ओरडत होतं म्हणे. घरात नुसता गोंधळ. बटणनं जमिनीवर बसकण मारली ती उठेचना. आत्या वरच्या खुर्चीतून कडाडली, "मांजर म्हणजे मखमलीचं वाटोळं! नेऊन सोडा आधी." दादाचं म्हणणं वेगळं होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला फोनवर नीट समजावलं होतं, की दोरा गिळला तर आतडी गोळा होतात, सुईसकट गिळला तर विचारूच नका. ज्या घरात पावलोपावली दोरे, त्या घरात पिल्लू ठेवायचं कसं?

शेवटी दादानं अट घातली. सात दिवस. रोज मोजणी. एक जरी सुई कमी भरली, तर पिल्लू त्याच संध्याकाळी दुसऱ्या घरी. आणि तोवर नाव ठेवायचं नाही. म्हणून मग सगळे तिला पाहुणीच म्हणायला लागले.

पाहुणीची बडदास्त मात्र अशी ठेवली की जावयानं हेवा करावा. नमुन्याच्या कापडांची वरची खोली तिला दिली. धाकट्यानं खिडकीला जाळी ठोकली. वहिनीनं, म्हणजे बटणच्या आईनं, खोक्याला दार कापून आत जुना टॉवेल घातला, एका कोपऱ्यात वाळूचं ताट, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी. कुणी उचलायचं नाही, मागे लागायचं नाही. बटण तीन दिवस पाहुणीकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि शाळेचे धडे मोठ्यानं वाचत राहिली. चौथ्या दिवशी कोपराला ओलं नाक लागलं. पोरगी अर्धा तास हलली नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही.

आज सहावा दिवस होता.

"लोहचुंबक आण," दादा म्हणाला.

लांब काठीला लावलेलं ते चुंबक धाकट्यानं सगळ्या कारखान्यातून फिरवलं. खिळे निघाले, एक बिजागरीचा स्क्रू निघाला. सुई नाही.

"तूच कुठेतरी खोचली असशील," दादा म्हणाला.

"मी आज सुईला हात लावलेला नाही. सकाळपासून लाकूड घासतोय."

"तुझं काही सांगता येत नाही. आणतोस तू, निस्तरायचं आम्ही."

"झालं का सुरू! दादा, सहा दिवस तू वाटच बघत होतास ना, कधी एक कमी भरतेय?"

"जिभेला हाड आहे का तुझ्या? मला काय हौस आहे?"

तेवढ्यात वहिनी जिन्यावरून खाली आली. तिच्या हातात पाहुणीची ताटली होती, भरलेली. "अहो, भांडू नका. हे बघा. चारला ठेवलेलं खाणं तसंच आहे. तोंडसुद्धा लावलेलं नाही. खोक्यात पडून आहे नुसती."

रिकामी सातवी जागा आणि भरलेली ताटली, दोन्ही सगळ्यांसमोर होत्या.

वहिनीनं फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच घेऊन या, काही भरवू नका, तोंडात दोरा दिसला तर चुकूनही ओढू नका.

"माझ्यामुळे झालं," बटण एकदम म्हणाली. "दुपारी शाळेतून आले ना, तेव्हा तिच्या खोलीचं दार उघडं होतं. मीच सकाळी नीट लावलं नसणार. ती खाली आली असेल. सुई... माझ्यामुळेच..." हुंदके देऊन रडायला लागली.

जिन्याच्या वरच्या पायरीवर आत्या उभी होती. तिनं हे सगळं ऐकलं.

दार बटणनं उघडं टाकलं नव्हतं. ते आत्यानं टाकलं होतं. दुपारी जेवून सगळे कलंडले, तेव्हा ती पाय न वाजवता खाली आली होती. फळीवरून सात नंबरची वाकडी सुई तिनं डोळे मिटूनही काढली असती. मखमलीच्या तुकड्यांची एक छोटी गादी, आत मऊ कापूस, चारही बाजूंनी टाका दिसू नये अशी लपती शिवण. टॉवेलावर झोपतं का कधी पिल्लू? या लोकांना अक्कल नाही. जगासमोर मांजराला शिव्या द्यायच्या आणि दुपारी त्याच्यासाठी गादी शिवायची, हा आत्याचा स्वभाव होता. गादी तिनं खोक्यात टाकली, पाहुणीनं ती लगेच तुडवायला घेतली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आत्याला आपल्या हातांचा अभिमान वाटला.

दोन वर्षं. एका गिऱ्हाइकाला मोजणीआधीच पाठवलेल्या गादीत तिची सुई राहिली होती. म्हातारे गृहस्थ बसले आणि किंचाळून उठले. दादा स्वतः जाऊन माफी मागून आला. आत्याला तो काही टाकून बोलला नाही, तेच तिला जास्त लागलं. "आत्या, आता आराम कर," एवढंच म्हणाला आणि तिची सुई तिच्या हातातून घेतली. आत्यानं आराम केला. आरामाचा तिला वीट आला.

आणि आज गादी शिवून झाल्यावर सुई कुठे ठेवली, ते तिला आठवत नव्हतं. मघापासून ती आठवत होती. गाठ मारली होती, दोरा तोडला होता. त्यापुढे नुसतं कोरं. बोललं तर संपलं. थोरला पुन्हा कधी सुई हातात देणार नाही, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. नाही बोललं तर पिल्लू जाईल आणि ही पोर जन्मभर स्वतःला दोष देईल.

बटण खाली रडत होती.

"ए, रडू नकोस," आत्या वरूनच म्हणाली. "दार मी उघडं टाकलं."

सगळ्यांनी वर पाहिलं.

"सुईसुद्धा मीच घेतली. तुझ्या त्या पाहुणीला गादी शिवली. सुई कुठे ठेवली ते मला आठवत नाही." एक एक पायरी धरत ती खाली आली. "थोरल्या, मला खरंच आठवत नाहीये रे."

हे वाक्य या घरात कुणी तिच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या सोफ्याला आत काय भरलं होतं तेही तिला पाठ असायचं. धाकटा उगाचच गाडीची किल्ली शोधायला लागला, जी त्याच्या हातातच होती.

दादाचा चेहरा मात्र कुणाला वाचता आला नाही. "खोकं घ्या," तो म्हणाला. "आधी डॉक्टर."

*

घरात वहिनी आणि आत्या दोघीच उरल्या. खोक्यातून काढून घेतलेली ती मखमलीची गादी वहिनीनं टेबलावर ठेवली, चुंबक फिरवलं, तळव्यांनी दाबून पाहिली. टोचलं नाही. पण कापूस जाड होता.

वहिनीनं शिवणीवर बोट फिरवलं. दोन टाके सापडायला तिला चष्मा लावावा लागला. लग्न होऊन आली तेव्हा आत्यानं तिला हीच शिवण शिकवली होती. पन्नास वेळा उसवायला लावली होती. दोन वर्षं सुई न धरता बाईनं ही शिवण केली होती.

"आत्याबाई, उसवायला जीव होत नाही."

"उसव."

"एवढी सुंदर..."

"सूनबाई, आत सुई असली आणि उद्या त्या पिल्लाच्या पोटात गेली, तर सुंदर शिवणीचं काय लोणचं घालायचंय? उसव म्हणते ना. नाहीतर आण इकडे."

तिनंच कात्री घेतली. चारही बाजू उसवल्या, कापूस पिंजून पिंजून पाहिला. सुई नव्हती. आत्या त्या पिंजलेल्या कापसासमोर बसून राहिली.

"म्हणजे तिच्या पोटातच," ती म्हणाली.

वहिनीनं तिचा हात धरला. एरवी आत्यानं झटकला असता.

*

दवाखान्यात पाहुणीला धरायचं काम दादाकडे आलं, कारण बटणचे हुंदके थांबत नव्हते आणि धाकट्याला दवाखान्यातलं इंजेक्शन बघून घेरी येते. एक्स-रेसाठी जड एप्रन घालून दादा उभा राहिला. पिल्लानं त्याच्या बोटात सगळी नखं रुतवली. छाती एवढीशी, आणि आत काय धडधडत होतं! दादानं सहा दिवसांत तिला एकदाही हात लावला नव्हता. मुद्दामच लावला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. "हा कणा, या फासळ्या. सुई असती तर पांढरी लखलखीत दिसली असती. नाहीये."

बटणनं काकाचा शर्टच पकडला.

"मग जेवत का नाही ही?" दादानं विचारलं.

"जेवत नाही?" बाई हसल्या. "अहो, पोट तुडुंब आहे! नगाऱ्यासारखं. दुपारी कुणीतरी चांगलं दाबून चारलंय हिला. एवढ्याशा जिवाला एका वेळी इतकं घालू नका."

गाडीत बसल्यावर बटण म्हणाली, "बाबा, पोटात नाही. मग ती राहणार ना?"

"सुई अजून घरात कुठेतरी आहे, बटण. ती सापडत नाही तोवर हिला त्या घरात मी झोपवणार नाही. आज दुसरीकडे, मग बघू."

बटणनं खोकं मांडीवर घट्ट धरलं. दादाचं बरोबर आहे हे धाकट्यालाही कळत होतं, आणि तेच त्याला आवडत नव्हतं.

*

"पोटात नाही!" धाकट्यानं दारातूनच ओरडून सांगितलं. "पण आत्या, काय चारलंस तिला?"

"अगं बाई!" आत्यानं कपाळाला हात लावला. "दोन अंड्यांचा बलक. सांगायचंच राहिलं."

"दोन!"

"बारीक दिसत होती रे."

वहिनी हसली, मग धाकटाही हसला, आणि मग सगळ्यांना आठवलं की सुई अजून सापडलेली नाही. खोक्यातून पाहुणीनं डोकं वर काढलं. बटणनं तिला पुन्हा आत दाबलं आणि झाकण धरून बसली.

दादा टेबलापाशी आला. उसवलेली मखमल त्यानं उचलली. शेवटच्या गाठीचा तुकडा अजून कडेला होता. दोनदा फिरवून आत लपवलेली गाठ. बारा वर्षांचा असताना तो आत्याच्या शेजारी स्टुलावर बसून हीच गाठ बघत असे. भिंतीवरची फळी तेव्हा नव्हती.

त्यानं ती गाठ नखानं चाचपली.

"आत्या, कुठे बसून शिवलीस?"

"तिकडे. खिडकीपाशी. माझ्या जागेवर." मग तिनं दुरुस्त केलं, "माझ्या जुन्या जागेवर."

त्या टेबलावर आता कापडाचे गठ्ठे असायचे. दादानं दोन गठ्ठे उचलून खाली ठेवले, स्टूल ओढलं. "बस."

"आता कशाला तमाशा?"

"बस म्हणतो ना. ही मखमल घे. समज, शेवटचा टाका झालाय. गाठ मार."

"हातात सुई नाही आणि गाठ कसली मारू?"

"मार. माझ्याकडे बघून मार. हाताकडे बघायचं नाही."

आत्या कुरकुरत बसली. मखमल डाव्या गुडघ्यावर घेतली, उजव्या हाताची दोन बोटं जुळवली, आणि नसलेली सुई दोनदा फिरवली. दोरा दातांनी तोडल्यासारखं केलं. दादाकडे बघून ती म्हणत होती, "बघ, झालं, आता पुढे मला..." आणि तोवर तिचा उजवा हात सरळ टेबलाच्या फळीखाली गेला होता.

ती थांबली. हात तिथेच राहिला.

दादा गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरला. फळीच्या खालच्या अंगाला जाड लोकरी कापडाची एक पट्टी ठोकलेली होती. धुळीनं काळी पडलेली, कडा कुरतडलेल्या. तिच्यात सात नंबरची वाकडी सुई नीट खोचलेली होती, टोक आत, नाक बाहेर.

"भिंतीवरची फळी यायच्या आधी आत्याच्या सुया इथे असायच्या," तो खालूनच म्हणाला. टेबलाखाली आपला चेहरा कुणाला दिसत नाही, याचा त्याला आधार वाटला. "तीस वर्षं झाली त्याला. धाकट्या, तू पाळण्यात होतास. आत्या, तू हरवली नाहीस ग सुई. तू जागेवर ठेवलीस."

आत्याचे डोळे वाहायला लागले. तिनं ते पुसलेही नाहीत. "पण मला आठवलं नव्हतं रे, थोरल्या. ते तर खरंच आहे ना?"

दादा बाहेर आला. केसांत जळमटं होती. "खरं आहे. आपण विसरतो म्हणूनच मोजतो. तूच शिकवलंस. सगळं आठवत असतं तर मला कशाला दोन तास रांगायला लावलं असतंस?"

"काढलंस पुन्हा ते," आत्या रडता रडता म्हणाली.

बटणनं सुईकडे वाकून पाहिलं, मग बापाकडे. "बाबा, फळीवर तेवीस आणि इथे एक. भरल्या ना?"

दादानं सुई काढली नाही. "भरल्या," तो म्हणाला. "उद्यापासून इथेही वाकून बघायचं. ही एक आत्याआजीची. आणि पाहुणीच्या खोलीत सुई नेणार नाही, हे आत्याआजीनं कबूल करायचं."

"कबूल," आत्या म्हणाली.

"आणि एका वेळी दोन बलक नाहीत," वहिनी म्हणाली.

"एक?"

"अर्धा."

धाकटा खोकं घेऊन वर निघाला, बटण त्याच्या पुढे धावली. वरून तिचा आवाज आला, "दार लावा हं, मी सोडतेय!" मग थोड्या वेळानं, खूप हळू, "आली बाहेर. काका, हलू नकोस."

खाली दादा उसवलेल्या मखमलीचे तुकडे गोळा करत होता. "ही परत शिवायला लागेल."

"मला बारीक नेढं दिसत नाही आता," आत्या म्हणाली. हेही तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"दोरा मी ओवून देईन." त्यानं तुकडे तिच्या टेबलावर ठेवले आणि उरलेले कापडाचे गठ्ठेही एकेक करून उतरवले. "आणि त्या दोन खुर्च्यांच्या कडा राहिल्यात. धाकट्याच्या हाताला तेवढी सफाई नाही. उद्या नऊला खाली ये."

आत्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि मखमल उजेडाकडे धरून पाहिली.

"नऊला कसली? नऊपर्यंत माझी एक कड होऊन जाते. आठला येते. चार सुया ओवून ठेव."